तोंड फिरवणारा माणूस

नागपुरात थंडी आणि मोर्चे एकाच गाडीतून उतरतात, असं जुनी माणसं म्हणत. पौर्णिमा गजभिये आंदोलनाला बसली त्या वर्षी थंडी वेळेवर आली होती. मोर्चे मात्र बोटांवर मोजण्याइतके उरले होते. काट्याने त्यांची रया घालवली होती.

काटा हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी भाषेत तो 'जनसंवेदना मापक' होता. शहरातल्या सगळ्या आंदोलनांसाठी आता एकच जागा होती, संवाद मैदान. मैदानासमोरच्या पदपथावर करड्या रंगाचे चार खांब उभे होते आणि प्रवेशाच्या कमानीवर एक फलक. त्या फलकावर दिवसभर एकच आकडा खालीवर होत असे. नियम सोपा होता. कुणीही यावं, बसावं, घोषणा द्याव्यात. पण समोरून जाणाऱ्यांच्या मनात तुमच्याविषयी सहानुभूती असेल तोवरच. सलग तीन संध्याकाळी आकडा तिसाच्या खाली गेला की परवानगी आपोआप रद्द.

"आंदोलन लोकांच्या नावानं करता ना? मग कौल लोकांनाच देऊ द्या," असं कायदा आला तेव्हा टीव्हीवर जो तो म्हणत होता. पौर्णिमालाही ते पटलं होतं. दुखण्याने कळवळणाऱ्या लेकीला रिक्षात घेऊन ती एकदा एका मोर्च्यात अडकली होती आणि त्या मोर्चेकऱ्यांना तिने मनातल्या मनात नको नको ते शाप दिले होते.

आता तीच कमानीच्या आत सतरंजीवर बसली होती.

तिची लेक उत्पला पंधरा वर्षांची. तिला जन्मापासून सिकलसेल होता. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि पुढचं रक्त अडतं. मग हाडं आतून कुणीतरी पिळून काढावीत तसं दुखतं. थंडीत तर फारच. पण बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. जखम नाही, सूज नाही. त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "खरंच इतकं दुखतंय, की नाटक आहे?" शहरातल्या मोठ्या रुग्णालयातल्या एका वॉर्डात तेवढं हा प्रश्न कुणी विचारत नसे. पोरं तिथे जात, सलाईन लागे, रक्त चढे, संध्याकाळी घरी परत. तोच वॉर्ड गेल्या पावसाळ्यात बंद झाला. औषधं आता घरपोच मिळतील, वॉर्डाची गरज नाही, असं सांगण्यात आलं. औषधं येत होती. पण दुखणं उठलं की गोळीच्या डबीला कोण सांगणार, लवकर कर म्हणून?

त्या वॉर्डासाठी पन्नासेक घरची माणसं संवाद मैदानावर बसली होती. शेवंताबाई उईके त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर. तिचा तरणा मुलगा याच दुखण्यात गेला होता. मागण्यासारखं तिच्यासाठी काही उरलं नव्हतं, तरी ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असे.

सुरुवातीला आकडा पन्नासच्या वर होता. मग तो घसरू लागला. दिवसभर बरा असे, आणि संध्याकाळी ऑफिसं सुटली की पायरीवरून पाय घसरावा तसा खाली येई.

"लोकायले कंटाळा आला आपला," शेवंताबाई म्हणायची.

एके दिवशी दुपारी मैदानाचे समन्वयक मंदार खोत यांनी पौर्णिमाला केबिनमध्ये बोलावलं. खोत तिशीतला, मऊ आवाजाचा माणूस. त्याने स्वतः उठून तिला खुर्ची दिली, चहा मागवला, उत्पलाची चौकशी केली.

"ताई, मी हे सांगायला नको खरं तर," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे बघून राहवत नाही. काटा बाहेरच्यांमुळे पडत नाहीये."

"मग?"

"सगळ्यांत जास्त जो ओढतोय ना, तो घरातलाच आहे."

त्याने समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर पदपथ होता आणि त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या नुसत्या करड्या आकृत्या. चेहरे पुसलेले. त्यातली एक आकृती तांबडी होती. उजवा खांदा किंचित खाली, पाय जरा फेंगडे टाकत चाललेली. कमानीसमोर येताच तिने मान दुसरीकडे वळवली आणि झपाझप निघून गेली. कोपऱ्यातला आकडा तिच्या मागोमाग उतरला.

चेहरा नसला म्हणून काय झालं? अठरा वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती चाल पौर्णिमाने ओळखली.

"रोज संध्याकाळी," खोत हळूच म्हणाला. "कधी कधी दोनदा-तीनदा. हृदयाची गती एकदम वाढते, नजर फिरते, पाय पळतात. यंत्राच्या भाषेत याला तीव्र तिटकारा म्हणतात. मी कुणाला दोष देत नाही, ताई. आजारी मुलाला बापच कंटाळतो, असं होतं कधी कधी. तुम्ही आता सन्मानाने उठलात तर तुमच्या मागणीचा विचार होईल, एवढं मी बघतो."

चहा तसाच निवला. पौर्णिमा बाहेर आली तेव्हा ऊन होतं, पण तिला हुडहुडी भरल्यासारखं झालं.

खांबांचं काम कसं चालतं हे तोवर शहरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. शाळेच्या पुस्तकातसुद्धा धडा होता. खांबातून मोबाईलसारख्याच कमी शक्तीच्या लहरी निघतात आणि चालत्या माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. छाती श्वासाने हलते, हृदयाच्या ठोक्याने केसाच्या जाडीएवढी थरथरते. तेवढ्या थरथरीवरून खांबाला ठोके मोजता येतात. कॅमेरा नजर बघतो, जमिनीतला पट्टा पावलांचा वेग बघतो. दुसऱ्याचं दुःख बघून माणूस कळवळला की त्याचं हृदय क्षणभर मंदावतं, नजर रेंगाळते, पाऊल अडखळतं, तो अधिक. ज्याला नकोसं होतं त्याचं हृदय धावतं, नजर पळते, पायही पळतात, तो उणे. दोन्हींची गोळाबेरीज म्हणजे काटा. माणसाचं तोंड खोटं बोलेल, छाती बोलणार नाही, असं धड्याच्या शेवटी लिहिलेलं होतं.

म्हणजे प्रशीलची छाती खरं बोलत होती.

प्रशील ई-बसच्या डेपोत बॅटऱ्यांच्या देखभालीचं काम करायचा. मुळातच अबोल. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पौर्णिमा पोळ्या लाटत होती.

"आज उशीर झाला?" तिने विचारलं.

"डेपोत काम होतं."

"मैदानाच्या चौकातून आले का?"

"नाही. मी आता रिंगरोडनंच येतो. चौकात गर्दी राहते." त्याने तिच्याकडे न बघता बूट काढले.

पोळी तव्यावर करपली. अठरा वर्षांत तो तिच्याशी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. की तिने कधी पारखलंच नव्हतं?

एकदा संशय घरात शिरला की तो प्रत्येक भांडं वाजवून बघतो. उत्पलाला सुई टोचताना हा वॉर्डाबाहेर जाऊन उभा राहायचा, ते का? रात्री पोर कण्हत असली की हा बाहेरच्या खोलीत जायचा, ते का? लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घ्या, असं त्याच्या वहिनीने सुचवलं होतं. तेव्हा पौर्णिमाचे वडील म्हणाले होते, आमच्या घरात असलं काही नाही. पुढे कळलं, दोघंही वाहक होते. आईकडून एक दोष, बापाकडून एक. दोन्ही एकत्र आले तेव्हा उत्पला झाली. प्रशीलने त्यावरून कधी शब्द काढला नव्हता. पण न काढलेले शब्द कुठे जातात?

"आई, तू बाबांकडे अशी काय बघून राहिली?" उत्पलाने जेवताना विचारलं.

"कशी?"

"चेकिंगवाल्या बाईसारखी."

प्रशीलने ताटातून मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर काहीतरी बदललं होतं. माणसं एकमेकांना धरून बसत ती आता फटीफटीने बसली होती. भंडाऱ्याहून आलेली वनमाला फोनवर भावाला बजावत होती, "तू इकडं येऊच नोको. समोरूनही जाऊ नोको." दुसरी एक जण जावेशी अबोला धरून बसली होती. विचारावं तर कुणी सांगेना. दुपारपर्यंत पाच-सहा घरच्या माणसांनी आपल्या सतरंज्या गुंडाळल्या. त्या संध्याकाळी आकडा अठ्ठावीसवर थांबला. पहिली संध्याकाळ.

पुढच्या सकाळी वनमालाने एक युक्ती काढली. तिच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं होतं की लहान लेकरं पुढे बसवली की काटा चढतो. दुःख डोळ्यांना दिसलं पाहिजे.

"उत्पलाले आणा ना ताई," ती म्हणाली. "थंडीनं तिचं दुखूनच राहिलं असंल. खाटेवर निजवू, कमानीपाशी."

पौर्णिमाच्या अंगावर काटा आला. पण उत्पलाने घरी ऐकलं तेव्हा ती हसली. तिचे गुडघे त्या दिवशी खरंच धरले होते.

"जन्मभर सगळे म्हणाले, नाटक करते," ती म्हणाली. "आता नाटक करायला बोलावून राहिले. कण्हू का जोरात? की बारीक?"

"नको येऊ तू."

"येते ना. माझ्याच वॉर्डासाठी चाललंय. पण मी कण्हणार नाही. जे होतं ते होऊ दे."

तिला खाटेवर निजवलं, पायांवर दोन रजया घातल्या. ती दात आवळून आभाळाकडे बघत पडून राहिली. दुपारी आकडा चाळीसवर गेला. वनमालाने टाळी वाजवली, आणि लगेच तिलाच लाज वाटली.

संध्याकाळ व्हायच्या आधी पौर्णिमा उठली. शेवंताबाईला म्हणाली, "पोरीकडे बघा, आले मी." ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीआड उभी राहिली. आपल्याच नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ यावी, याची तिला शरम वाटत होती. पण पाय तिथून हलत नव्हते.

ऑफिसं सुटली. गर्दी वाहू लागली. आणि त्या गर्दीत तिला तो दिसला. गाडी कुठेतरी लांब लावून पायी येत होता. उजवा खांदा खाली, फेंगडे पाय. रिंगरोडने जातो म्हणाला होता तो.

कमानीपाशी येताच त्याने आत बघितलं. समोरच लेक खाटेवर पडलेली. ती तिथे असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. पौर्णिमाने त्याचा चेहरा बघितला. विजेचा झटका बसावा तसा तो आक्रसला, मान गर्रकन भिंतीकडे वळली आणि माणूस जवळजवळ पळतच पुढे गेला. फलकावरचा आकडा खाली आला.

खोत खरं बोलत होता तर.

ती त्याच्या मागे निघाली. काय बोलायचं ते मनात जुळवत, दात आवळत. तो कोपऱ्यावर वळला, पोस्टाच्या मागची गल्ली धरली, पुन्हा वळला. हा गाडीकडे का जात नाही? तिला कळेना. तो पुन्हा वळला, आणि पुन्हा त्याच रस्त्याला लागला. मैदानाच्या दिशेने.

ती थांबली. तो परत कमानीसमोरून गेला. या वेळी त्याने आत बघायचं नेटाने ठरवलेलं दिसत होतं; मान आतच होती, मुठी वळलेल्या होत्या. दोन पावलं तशीच टाकली. मग पुन्हा मान फिरली, पुन्हा पाय पळाले. पुन्हा गल्ली.

तिसऱ्या फेरीला ती गल्लीच्या तोंडाशी त्याच्या आडवी आली.

"काय करून राहिले तुम्ही?"

तो दचकला. चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता.

"कोणाला सांगू नको," तो म्हणाला. "नातेवाइकांनी चकरा मारायच्या नाही, असा नियम आहे म्हणे. तुमची परवानगी जाईल."

"पण कशाला चकरा?"

"एकेक माणूस गेला की त्याचं वजन काट्यात पडते ना. छाती खरं बोलते म्हणतात, मग माझी तर अधिकच मोजेल." तो खाली बघत बोलत होता. "मला तिथं बसवत नाही, पौर्णिमा. पोरगी कण्हली की माझ्या छातीत काहीतरी फिरते. मी वॉर्डातही कधी थांबू शकलो नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, बसता येत नाही तर चालावं तरी. डेपोतून सुटलो की चार चकरा मारतो. आपल्याकडून तेवढा आकडा वर." त्याने फलकाच्या दिशेने मान वळवली. "पण तो चढूनच नाही राहिला."

 गल्लीच्या भिंतीला हात टेकून ती उभी राहिली. हा माणूस रोज येऊन, जीव मुठीत धरून, आपल्याच लेकीचा आकडा खाली ओढत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

तिने त्याला सगळं सांगितलं. केबिन, तांबडी आकृती, तिटकारा. तो ऐकत गेला. शेवटी एवढंच म्हणाला, "तुला ते खरं वाटलं?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

त्या संध्याकाळी आकडा सव्वीस होता. दुसरी संध्याकाळ.

सकाळी उत्पलाला घेऊन दोघं वॉर्डातल्या डॉक्टर तिडके मॅडमकडे गेले. वॉर्ड बंद झाल्यापासून मॅडम आपल्या घरातच पोरांना तपासत. उत्पलाला त्यांनी इंजेक्शन दिलं, आणि मग पौर्णिमाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"यंत्राला शिकवलं कुणावर, ते वाचलंय मी," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजच्या मुलांना खुर्चीवर बसवून परक्या माणसांच्या दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या. परक्याचं दुःख बघताना हृदय थबकतं, हे खरं आहे. पण आपल्या माणसाचं दुखणं बघताना ते थबकत नाही, धावतं. शरीराला वाटतं, आग आपल्याच घराला लागलीय. माणूस बघू शकत नाही. तोंड फिरवतो."

"म्हणजे ज्याला जास्त लागतं, तो काटा खाली ओढतो?"

"काही माणसं, हो. आणि ज्यांना खरोखर तुमचा राग आहे, तेही त्याच खात्यात. यंत्राला दोघांत फरक करता येत नाही."

"हे त्यांना माहीत नाही, की माहीत असून..."

"ते मला कसं सांगता येईल?" मॅडमनी हात धुतले. "एक मात्र ऐकते. भाड्याने चालणारी माणसं मिळतात आता. त्यांना हृदयाची गती कमी करणारी गोळी देतात. पैसेवाल्यांच्या आंदोलनांचा काटा कधी पडत नाही, तो असा."

प्रशील इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढे आला. "मला द्या ती गोळी. आज शेवटची संध्याकाळ आहे. मी सावकाश चालीन, नीट बघीन."

"गोळी खाऊन काय दाखवणार तुम्ही?" पौर्णिमा म्हणाली. "तुम्हाला लागत नाही, हे?"

तो पुन्हा दाराशी सरकला. बाहेर रिक्षात बसताना पौर्णिमाच्या मनात मघापासून सलणारी गोष्ट एकदम वर आली. तिने रिक्षावाल्याला घराऐवजी मैदानावर घ्यायला सांगितलं.

मैदानावर पोचल्यावर तिने सगळ्यांना जवळ बसवलं आणि खोतच्या केबिनपासून कालपर्यंत काय घडलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. प्रशील शेजारी मान खाली घालून उभा होता. तिचं बोलणं संपेपर्यंत वनमाला रडायला लागली होती.

"मले बी बलावलं होतं खोतसायबानं," ती म्हणाली. "मने, तुह्या भावाले तुह्यी घिन येते. त्यानंच तर माह्या पोराले दोनदा रक्त देल्लं होतं."

मग एकेक जण बोलू लागली. कुणाची जाऊ, कुणाची आई, कुणाचा मोठा मुलगा. प्रत्येकीला चहा मिळाला होता. प्रत्येकीला सांगितलं होतं, कुणाला बोलू नका.

खोत केबिनच्या दारात येऊन उभा राहिला होता. पौर्णिमा उठली.

"साहेब, खांबावर काय लिहिलं आहे?"

"ताई, आपण आत बोलू."

"यंत्र कुणालाही ओळखत नाही, चेहरा साठवत नाही, असं लिहिलं आहे. मग तो माझा नवरा आहे, हे तुम्हाला कसं कळलं? मी तर तुम्हाला त्याचा फोटोही दाखवला नव्हता."

 सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या.

"वनमालाचा भाऊ कसा कळला? हिची जाऊ? समोरून जाणाऱ्या कुणाकुणाची नावं आहेत तुमच्याकडे? ज्यांना आमच्याबद्दल बरं वाटलं, त्यांचीही आहेत का?"

पदपथावरून जाणारे दोघं-चौघं हे ऐकून थबकले. एकाने खांबाकडे बघितलं आणि मफलर नाकावर ओढला. बघता बघता त्या बाजूने चालणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. खोत केबिनमध्ये गेला आणि फोनवर बोलू लागला. काचेआडून त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

कुणीतरी ते बोलणं फोनवर टिपून पुढे पाठवलं होतं. संध्याकाळच्या आत एका वकीलबाईंचा फोन आला. त्या न्यायालयात अर्ज करणार होत्या. पण काटा अर्जाची वाट बघत नव्हता. पदपथ ओस पडला होता, आणि मोजायला माणूसच नसला की यंत्र शून्याकडे जात होतं.

"उठा आता," कुणीतरी म्हणालं. "आज आपणच उठलो तर पुन्हा परवानगी मागता येईल. बसून राहिलो तर गुन्हा लागेल."

शेवंताबाई जागची हलली नाही. ती म्हणाली, "माह्या पोराचं दुखनं शेवटपर्यंत कोनाले पटलं नाही. डाक्टरले नाही, मास्तरले नाही. मनून काय ते दुखत नव्हतं? आता मी इथं बसाले पटवत बसू का लोकायले? आवडो का नावडो, मी बसतो. ज्याले जायचं त्यानं जावं, मी रागावनार नाही."

काही जणी गेल्या. त्यांची लेकरं लहान होती. पौर्णिमाने उत्पलाकडे बघितलं, आणि उत्पला म्हणाली, "मला नेऊ नको हं घरी."

प्रशील रस्त्याच्या कडेला उभा होता. पौर्णिमाला वाटलं, आता जाईल. तो आत आला. खाटेच्या पायथ्याशी, लेकीकडे पाठ करून, सतरंजीवर बसला. तोंड फिरवूनच, पण बसला. थोड्या वेळाने उत्पलाने पाय लांब करून त्याच्या पाठीला टेकवले, आणि तो मागे हात नेऊन, न बघता, ते चोळत राहिला.

दिवस कलला तसा फलकावरचा आकडा विझला. त्या जागी 'परवानगी समाप्त' असं आलं. पोलिसांच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. धक्काबुक्की झाली नाही. नावं विचारली आणि गाडीत बसवलं. नावं का विचारतात, पौर्णिमाच्या मनात आलं, आधीच असतील की यांच्याकडे.

त्यांना पोलीस लाइनीच्या मैदानावर नेऊन मंडपात बसवलं. वकीलबाई येऊन गेल्या. सकाळी सोडतील म्हणाल्या. अर्जाची सुनावणी पुढच्या आठवड्यात. खांब तोवर चालूच राहणार होते. वॉर्डाचं काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. वनमालाने सगळ्यांना विचारून कुठूनसं गरम पाणी मिळवलं. प्रशील बाटली भरून आणायला गेला.

उत्पलाचं दुखणं पुन्हा वर येत होतं. ती पौर्णिमाच्या मांडीवर डोकं ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

पहाऱ्यावरची एक महिला पोलीस केव्हाची दुरून त्यांच्याकडे बघत होती. पंचविशीतली असेल. इकडेतिकडे बघून ती जवळ आली, वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक विचारू? खरंच इतकं दुखते का हो?"

पौर्णिमा ताठ झाली. हा प्रश्न तिने हजारदा ऐकला होता. तिने त्या मुलीचा चेहरा निरखला. डोळे, ओठ, श्वास. ही खोतने पाठवलेली असेल? की बोलतं करून काही टिपून घ्यायचं असेल? की हिच्याच घरात कुणी आहे? चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. कुठल्याच चेहऱ्यावरून आता तिला काही कळेनासं झालं होतं.

"कायले विचारता?" तिने रुक्षपणे विचारलं.

 ती मुलगी परत गेली नाही. टोपी काढून हातात धरून उभी राहिली.

उत्पलाने डोळे उघडले. पाय कसेबसे पोटाशी आणखी ओढून घेतले, सतरंजीवर हातभर जागा केली आणि म्हणाली, "बसा ना इथं. मी सांगते."